पूररेषा आणि घराचा परवाना

घर बांधण्याचा परवाना हा वरवर पाहता अगदी रूक्ष कागद. अर्ज, नकाशा, सहीशिक्का आणि शुल्काची पावती एवढाच त्याचा पसारा. परंतु गावाच्या इतिहासात या कागदाला निराळे महत्त्व आहे. माणसाने कोठे राहावे आणि कोठे राहू नये, याविषयी समाजाने वेळोवेळी जे ठरविले त्याची नोंद या कागदात होत आली आहे. नदीकाठच्या घराच्या बाबतीत तर तो गावाची स्मृतीच होय. पूर ओसरतो, भिंतींवरच्या चिखलाच्या खुणा पुसल्या जातात, एक पिढी जाऊन दुसरी येते. पाणी कोठवर चढले होते हे सांगण्याचे काम शेवटी दप्तरालाच करावे लागते.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरील पांढुर्णा आणि सौसर या तालुक्यांच्या संदर्भात हा विषय विशेष पाहण्यासारखा आहे. संत्र्यांच्या बागांचा आणि मराठी भाषेचा हा मुलूख. 2023 साली तो छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे तिचे नाव दूरवर पोहोचले आहे. सौसर तालुक्यातून कन्हान जाते. पश्चिमेस बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ वर्धा नदी उगम पावते. डोंगरउतारावरच्या नद्यांचा स्वभाव बहुधा सारखाच असतो. उन्हाळ्यात पात्रातील वाळू आणि गोटे उघडे पडतात. वर मुसळधार पाऊस झाला की थोड्या तासांत पाणी काठ सोडते. मैदानातील मोठी नदी बरीच आधी सूचना देते. डोंगरातून उतरणारी नदी तेवढी सवड देत नाही. म्हणून येथे धोका टाळण्याची खरी वेळ म्हणजे घराची जागा ठरविण्याचा दिवस. पुराच्या रात्री फार थोडे हाती उरते.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. मराठी मुलखात गावाच्या जमिनीचे दोन भाग मानीत. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मातीची भिंत धड उभी राहत नाही. पांढरी बहुधा उंचवट्याची, पाणी न साचणारी. नव्या घराला जागा द्यायची ती पांढरीत, हा गावाचा रिवाज म्हणजे एक अलिखित परवानाच होता. बाजारपेठेची गावे मात्र पाण्याच्या सोयीसाठी नदीला धरून वाढली. वस्ती दाटली तशी घरे पांढरीची मर्यादा ओलांडून पात्राच्या दिशेने सरकू लागली, आणि जुना रिवाज अपुरा पडला.

इंग्रजी अमदानीत रिवाजाची जागा कायद्याने घेतली. 1915 साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. तो या देशातील पहिला. मध्यप्रांतात 1922 चा नगरपालिका कायदा आला. या काळातील नियमांचा रोख मुख्यतः रस्त्याची रुंदी, गटार, उजेड, हवा आणि शेजाऱ्याची भिंत यांवर होता. प्लेग आणि पटकीच्या साथींनी होरपळलेल्या पिढीच्या दृष्टीने ते स्वाभाविकही होते. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, तर पांढुर्णा आणि सौसर मध्यप्रदेशातच राहिले. एका घरातील दोन भावांनी चुली वेगळ्या कराव्यात तसे कायदे वेगळे झाले. मध्यप्रदेशाने 1961 चा नगरपालिका अधिनियम आणि 1973 चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम केला. महाराष्ट्राने 1965 चा नगरपरिषदांचा आणि 1966 चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम केला. पाण्याची वाटणी मात्र झाली नाही. मुलताईकडे पडलेला पाऊस सीमेची कमान न पाहता खाली उतरतच राहिला.

त्याचा अत्यंत दारुण प्रत्यय मोवाडला आला. नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यातील हे वर्धाकाठचे गाव पांढुर्ण्याच्या शेजारचेच म्हणावे असे. येथे 1867 पासून नगरपालिका होती. 30 जुलै 1991 रोजी वर्धेला महापूर आला आणि 204 माणसे प्राणास मुकली. नगरपालिका स्थापन होऊन तेव्हा 124 वर्षे झाली होती. एवढ्या वर्षांच्या कारभारानेही वस्ती पाण्याच्या वाटेतून हलली नव्हती. पुरानंतर गावाचे नदीपासून दूर पुनर्वसन करण्यात आले. याच्या 30 वर्षे आधी, 12 जुलै 1961 रोजी, पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या होत्या. त्या वेळीही निराधार झालेल्यांसाठी उंचावरच्या मोकळ्या जागेत नव्या वसाहती उभारल्या गेल्या. पुणे मोठे शहर, मोवाड लहान गाव; परंतु दोन्ही ठिकाणी क्रम तोच. आधी जलप्रलय झाला आणि मग जागा मिळाली.

हा क्रम उलटा करण्याचा विचार सरकारदरबारी झाला नाही असे नाही. 1975 साली केंद्र सरकारने पूरमैदानांच्या विभागणीविषयी एक नमुना विधेयक तयार करून सर्व राज्यांकडे पाठविले. त्यामागील कल्पना साधी आहे. नदीला आपले पात्र आहे, तसेच क्वचित पसरण्याचे अंगणही आहे. त्या अंगणात क्रीडांगण किंवा बाग असण्यास हरकत नाही. राहते घर त्याहून उंच असावे. रुग्णालय, वीजकेंद्र, पाणीपुरवठा यांसारख्या गोष्टी सर्वांत उंच असाव्यात. कल्पना उत्तम, परंतु जमीन आणि वस्ती हे विषय राज्यांच्या हातचे, आणि कोणाच्या जमिनीवर रेघ ओढणे कोणत्याही पुढाऱ्यास प्रिय नसते. मणिपूरने 1978 साली आणि राजस्थानने 1990 साली कायदा केला. बहुतेक राज्ये स्वस्थ राहिली.

महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने 1989 साली परिपत्रक काढून दोन रेषा ठरविल्या. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूस, निषिद्ध क्षेत्र. निळी आणि लाल यांच्यामध्ये नियंत्रित क्षेत्र. 2020 च्या एकत्रित नियमावलीनुसार नियंत्रित क्षेत्रात घर बांधता येते. मात्र ते लाल रेषेच्या पातळीहून किमान 45 सेंटीमीटर उंच असले पाहिजे.

या रेषांविषयी लोकांत एक गैरसमज आहे. शंभर वर्षांचा पूर नुकताच येऊन गेला, आता शंभर वर्षे निश्चिंती, असे पुष्कळांना वाटते. हिशेब तसा नाही. असा पूर येण्याचा संभव प्रत्येक वर्षी शेकडा 1 असतो, आणि काल येऊन गेला म्हणून तो आज कमी होत नाही. एखाद्याने 30 वर्षांच्या फेडीचे कर्ज काढून लाल रेषेच्या काठावर घर बांधले, तर कर्ज फिटण्यापूर्वी एकदा तरी ते पाणी दाराशी येण्याचा संभव शेकडा 26 आहे. निळ्या रेषेच्या काठावर 25 वर्षांत हाच संभव शेकडा 64 होतो. कोल्हापूरने 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर अवघ्या सतरा वर्षांत पाहिले, यात म्हणूनच नवल नाही.

कायद्याच्या शब्दालाही मर्यादा असते, हे येथे ध्यानात घ्यावे. महाराष्ट्राच्या 1966 च्या अधिनियमात अर्जाला 60 दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद आहे, अर्थात बांधकाम नियमांना धरून असेल तरच. कचेरीच्या दिरंगाईविरुद्ध नागरिकाला हे संरक्षण योग्यच आहे. परंतु कचेरीचे मौन नदी मानीत नाही. मध्यप्रदेशात 2012 चे भूमिविकास नियम आहेत आणि नगरपालिकेची भवन अनुज्ञा घ्यावी लागते. सीमेच्या कोणत्याही बाजूस शहाण्या अर्जदाराने तीन गोष्टी आधी कराव्यात. पटवाऱ्याच्या अथवा तलाठ्याच्या नकाशावर आपली जागा नदीनाल्यापासून किती अंतरावर येते ते पाहावे. जलसंपदा खात्याकडे त्या ठिकाणची पूरपातळी विचारावी. आणि जोत्याची उंची रस्त्यावरून न मोजता त्या पातळीवरून मोजावी. रस्ता दर काही वर्षांनी नवा थर चढून उंच होतो आणि जोते आपोआप खाली जाते. पुराची पातळी धरून चालणारा या फसगतीतून वाचतो.

तरीही सर्वांत कठीण प्रश्न शिल्लक राहतो. वाळूवर घर बांधणारा मूर्ख आणि खडकावर बांधणारा शहाणा, हा शुभवर्तमानातील दृष्टान्त प्रसिद्ध आहे. त्या दोघांनाही जागा निवडण्याची मोकळीक होती. आमच्या गावांत नदीकाठी राहणारा माणूस पुष्कळदा मूर्ख नसतो. खडक त्याला परवडत नाही. मजुरीच्या गावी फुकट किंवा स्वस्त मिळणारी जागा तेवढीच उरलेली असते. मध्यप्रदेशाने 1984 साली शहरांतील भूमिहीनांना राहत्या जागेचे पट्टे देण्याचा कायदा केला, आणि घरातून हुसकले जाण्याच्या भयातून कितीएक कुटुंबे मोकळी झाली. ते मोठे काम होते. पण पट्ट्याने पायाखालची जमीन उंच होत नाही. कागदाने माणसांचे भय दूर केले. पाण्याचे भय दूर करण्यासाठी दुसरी, उंचावरची जागाच द्यावी लागते.

म्हणून नुसता नकार हा अर्धाच कायदा होय. ज्याला परवाना नाकारला तो घर बांधायचे थांबत नाही; तो परवान्याविना बांधतो, आणि मग त्याच्या घराची नोंद कोठेच राहत नाही, मदतीच्या यादीतही नाही. पूररेषा आखताना तिच्या पलीकडे गावठाणाची जागाही त्याच दिवशी आखली, तरच ती रेषा माणसांचे रक्षण करील. पूर्वीच्या गावांनी पांढरी राखली ती याच भावनेने. मोवाडला आणि पुण्याला उंचावरची जागा मिळाली खरी, पण ती प्रलयानंतर. तीच जागा प्रलयापूर्वी देणे सरकारला अशक्य नाही, महागही नाही. जाम, कन्हान आणि वर्धा यांच्या काठच्या प्रत्येक नगरपालिकेपुढे आज एवढेच काम आहे, आणि पुढचा पावसाळा त्यासाठी थांबणार नाही.