काँसिएर्ज
पॅरिसमधील निवासी इमारतीची, तळमजल्यावरच्या ‘लोज’ या छोट्या खोलीत राहणारी रखवालदार; बहुधा स्त्री. १९व्या शतकात भाड्याच्या बहुमजली इमारती वाढल्या, तसे हे पद रुळले. जिने झाडणे, टपाल वाटणे, भाडे गोळा करणे ही तिची कामे. रात्री उशिरा परतणाऱ्यासाठी ती अंथरुणातूनच दोरी ओढून दार उघडी. साहजिकच कोण केव्हा येतो-जातो हे तिला ठाऊक असे. जर्मन ताब्याच्या काळात या माहितीवर माणसांचे प्राण अवलंबून राहिले : जुलै १९४२च्या धरपकडीत काहींनी ज्यू कुटुंबांना सावध केले, काहींनी पोलिसांना साथ दिली. चहाडखोर एवढीच तिची साहित्यातील ओळख म्हणूनच अपुरी वाटते. १९६०नंतर अनेक पोर्तुगीज स्थलांतरित स्त्रिया या कामात आल्या. पुढे सांकेतिक कुलुपांमुळे ही पदे घटली.