आर्केटाची दलदल

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, हंबोल्ट खाडीला टेकून आर्केटा हे गाव आहे. वस्ती साधारण 18 हजार. माझी सगळी नोकरी पंप, गाळ आणि वीजबिलं यांत गेली, तरी मैलापाण्याचा एकच प्रकल्प निवडायचा झाला तर मी या गावाचा निवडीन. त्यात यंत्रं फार कमी आहेत.

1949 मध्ये गावाने मैला निवळायच्या टाक्या बांधल्या. त्याआधी तो सरळ खाडीत जायचा. 1957 मध्ये 55 एकरांची ऑक्सिडेशन तळी झाली, 1966 पासून पाण्यात क्लोरीन पडू लागलं. पण ही खाडी कालवांची. कालव पाणी गाळून जगतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात, आणि तिथून खाणाऱ्याच्या.

1974 मध्ये राज्याने नियम केला: खाड्यांत सांडपाणी सोडायचं नाही. लगेच मोठी योजना पुढे आली. खाडीकाठच्या गावांचा मैला एका नळाने गोळा करायचा, खाडीच्या तळाखालून पलीकडे न्यायचा, एकाच मोठ्या केंद्रात शुद्ध करून समुद्रात सोडायचा. खर्च कोट्यवधी डॉलर, शिवाय उपशाची वीज कायमची. अशा योजना कागदावर फार देखण्या दिसतात. मी अनेक पाहिल्यात.

आर्केटाच्या लोकांनी मात्र नियम शेवटपर्यंत वाचला. बंदीला एक अपवाद होता: सोडलेल्या पाण्याने खाडीचं भलं होत असेल तर चालेल. या एका वाक्यावर गाव भांडलं. हंबोल्ट विद्यापीठातले मत्स्यशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज ॲलन समुद्राच्या पाण्यात शुद्ध केलेलं सांडपाणी मिसळून सामन माशांची पिल्लं वाढवत होतेच. मैलापाणी टाकाऊ नाही, खाद्य आहे, हा त्यांचा हेका. अभियांत्रिकीचे रॉबर्ट गिअरहार्ट त्यांच्या जोडीला आले. कल्पना अशी की पाणी दलदलीकडूनच शुद्ध करून घ्यायचं. 1979 पासून तीनेक वर्षं दलदलीच्या लहान वाफ्यांत चाचण्या झाल्या, आकडे राज्यापुढे ठेवले गेले, आणि 1986 मध्ये पूर्ण व्यवस्था सुरू झाली.

जागा कुठली? बांध घालून भरतीपासून तोडलेली जुनी खाजणं, लाकडाच्या गिरण्यांचे ओंडके रचायचं मैदान, शेजारी बंद पडलेला उकिरडा. गावाने ओवाळून टाकलेला किनारा. तिथे पाणकणीस आणि लव्हाळ्याच्या जातीचं गवत वाढवलं. ऑक्सिडेशन तळ्यांतून येणारं पाणी शेवाळाने हिरवं असतं, खरी डोकेदुखी तीच. गवताच्या सावलीत शेवाळ मरतं, संथ पाण्यात ते तळाशी बसतं, आणि पाण्यातल्या देठांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो, तो उरलेली घाण खातो. मूळच्या रचनेत त्यानंतर क्लोरीन, मग पुढच्या तीन दलदली, पुन्हा निर्जंतुकीकरण, आणि शेवटी खाडी असा क्रम होता. त्या तिघींपैकी दोघींना ॲलन आणि गिअरहार्ट यांची नावं आहेत. प्राध्यापकांची नावं, तीही मैलापाण्याला! 1987 मध्ये गावाला फोर्ड फाउंडेशनचा एक लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. आज सुमारे 300 एकरांचं ते अभयारण्य आहे, लोक तिथे दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला येतात.

फुकटात काही नसतं. गवत माजतं, गाळ साचतो, तो काढावा लागतो. तळी आणि टाक्या इतक्या सखल आहेत की वाढत्या समुद्राचा धोका पहिला त्यांनाच.

कोकणातल्या नगरपालिकांनी याची नक्कल करावी असं मी म्हणणार नाही. आपल्या पावसात चार महिने गटार आणि ओढा एक होतात, आणि खाडीकाठी एवढी मोकळी जागाही उरलेली नाही. पण पुढच्या वेळी तुमच्या गावात मैलापाण्याची निविदा निघेल तेव्हा सभेत जा आणि दोनच गोष्टी विचारा: वर्षाचं वीजबिल कोण भरणार, आणि आठ तास लाइट गेली तर मैला कुठे जाणार. उत्तरं लेखी घ्या.