सूर्याचें अंतरंग

२२ जानेवारी १८९८ रोजीं नागपूरच्या नैर्ऋत्येस, वऱ्हाडांतील तळणी ह्या गांवीं, जॉन एव्हरशेड प्रभृति इंग्रज ज्योतिर्विद दुर्बिणी रोखून उभे होते. खग्रास सूर्यग्रहण सुमारें दोनच मिनिटें टिकलें. तेवढ्या अवधींत एव्हरशेड ह्यांनीं सूर्याच्या कडेवरील तप्त वायूंचे वर्णपट टिपले.

सूर्य हा सर्वांत निकटचा तारा. त्याचें अंतरंग कळलें, म्हणजे इतर ताऱ्यांच्या रचनेची किल्ली हातीं येते. १९०८ सालीं हेल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें सौरडागांत प्रबळ चुंबकत्व असल्याचें दाखविलें. हे डाग भोवरे असावेत, असा तेव्हां तर्क होता. १९०९ च्या जानेवारींत कोडाईकनाल येथें एव्हरशेड तो भोवरा पाहूं गेले. परंतु डागांतील वायु गरगर न फिरतां मध्यापासून कडेकडे वाहतांना आढळला. निरीक्षणापुढें तर्कास माघार घ्यावी लागली.

तथापि प्रकाश पृष्ठभागाचीच वार्ता देतो. १९६० नंतर सूर्याचें पृष्ठ सुमारें पांच मिनिटांच्या अंतरानें स्पंदन पावतें असें दिसून आलें. भूकंपलहरींवरून पृथ्वीचें पोट जाणावें, तसें ह्या स्पंदनांवरून सूर्याचें अंतरंग उमगूं लागलें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत शशिकुमार चित्रे व एच. एम. अंतिया ह्यांनीं ह्या विषयाचा पुष्कळ अभ्यास केला. सूर्याच्या बाह्य थरांत विषुववृत्ताकडील भाग सुमारें २५ दिवसांत एक फेरा करितो, ध्रुवांकडील भाग त्याहून सावकाश. खालचा भाग मात्र जवळजवळ एकाच गतीनें फिरतो. ह्या दोहोंच्या सांध्यापाशीं चुंबकत्वाचा उगम असावा, असें अनेकांचें मत आहे. त्याचा निर्णय अद्यापि व्हावयाचा आहे.