छापण्याआधीच दुर्मिळ : फुटबॉल कार्डांची गोष्ट

सुरुवातीलाच एक खुलासा. आजचा फुटबॉल मेस्सी-रोनाल्डोचा नाही, अमेरिकेचा आहे. हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखेत धरून धावायचा तो. तिथे दरवर्षी शौकीन लोक एका तारखेकडे डोळे लावून बसतात. महागड्या कार्डांचा नवा सेट त्या दिवशी बाजारात येतो. 'नॅशनल ट्रेझर्स'सारख्या सेटच्या एका सीलबंद बॉक्समध्ये जेमतेम दहाएक कार्डं असतात आणि किंमत हजार डॉलरच्याही पुढे जाते. आत कोण निघेल, ते नशीब.

आता तुम्ही म्हणाल, पुठ्ठ्याच्या तुकड्याला एवढे पैसे? तर घरी आजोबांना विचारा, लहानपणी काडेपेटीचे छाप जमवले होते का. छाप फुकट मिळायचे, कारण विकायची असायची काडेपेटी. अमेरिकेतही कार्डाची गोष्ट अशीच होती. टॉप्स ही मूळची ब्रुकलिनची च्युइंगमची कंपनी. पोरांनी गम घ्यावं म्हणून सोबत खेळाडूचं कार्ड. 1952 च्या त्यांच्या बेसबॉल सेटचे बरेच खोके खपलेच नाहीत. गोदामात जागा अडते म्हणून 1960 मध्ये ते बार्जवर लादून अटलांटिक समुद्रात बुडवले. बुडवणारे साय बर्गर हे त्याच सेटचे कर्ते, आणि हा किस्सा ते स्वतःच सांगायचे. त्या सेटमधलं मिकी मँटलचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं.

म्हणजे तेव्हा कार्ड दुर्मिळ झालं ते टाकून दिल्यामुळे. कुणी ठरवलं नव्हतं. जुन्या कार्डांचे भाव वाढायला लागले तशी लोकांना अक्कल आली. 1980 च्या दशकात प्रत्येकजण कार्डं जपून ठेवायला लागला, आणि कंपन्यांनी छापखाने अक्षरशः मोकाट सोडले. सगळ्यांनीच जपलेल्या वस्तूला भाव कुठला? त्या काळातली बहुतेक कार्डं आजही रद्दीच्या भावात मिळतात.

इथे कंपन्यांनी डोकं लढवलं. 1990 मध्ये अपर डेकने बेसबॉलपटू रेजी जॅक्सनची सही आणि क्रमांक असलेली 2,500 कार्डं पाकिटांमध्ये लपवली. मग जर्सीचे तुकडे कार्डात बसवले गेले. 2003-04 मध्ये याच कंपनीने बास्केटबॉलचा 'एक्स्क्विझिट' सेट काढला. पाच कार्डांचं एक पाकीट, किंमत 500 डॉलर! आता कुठलं कार्ड 99 छापायचं आणि कुठलं एकच, हे आधी ठरतं. दुर्मिळपणा कारखान्यातूनच येतो.

आणि तो जर्सीचा तुकडा? ही मला सगळ्यात गमतीशीर गोष्ट वाटते. नवख्या खेळाडूंना हंगामाआधीच 'रूकी प्रीमियर' नावाच्या कार्यक्रमाला बोलावतात. तिथे ते जर्सी घालतात, फोटो काढतात, सह्या करतात. पुढे त्या जर्सीचे तुकडे कार्डात जातात. बरेचदा कार्डामागे बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं की हा तुकडा कुठल्याही विशिष्ट सामन्यातला नाही. घाम गाळलेला नाही, पण कागदोपत्री सगळं खरं!

एक गोष्ट मात्र कारखान्याला अजून ठरवता आलेली नाही. ती म्हणजे पोरगा पुढे खेळणार कसा. 2000 च्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी 199 वा निवडला गेला. पहिल्या मोसमात त्याने तीन पास टाकले, त्यातला एक पोचला. त्या वर्षीच्या 'प्लेऑफ कंटेंडर्स' सेटमध्ये त्याची सही असलेली 100 खास कार्डं होती. ज्यांच्या पाकिटात ती निघाली त्यातल्या कितीजणांनी तोंड वाकडं केलं असेल, विचार करा. सात सुपर बोल जिंकल्यावर, 2021 मध्ये, त्यातलं एक 31 लाख डॉलरला विकलं गेलं.

2017 मध्ये सगळ्यात आधी निवडलेला क्वार्टरबॅक होता मिच ट्रुबिस्की, दुसऱ्या क्रमांकावर. दहाव्या क्रमांकाचा पॅट्रिक महोम्स पहिल्या मोसमात एकच सामना खेळला. आज ट्रुबिस्कीचं कार्ड कुणी विचारत नाही आणि महोम्सचं लीगच्या चिन्हाचा तुकडा असलेलं एकमेव कार्ड 2021 मध्ये 43 लाख डॉलरला गेलं.

हे ऐकून मोह होतो, मला कळतं. आता तर मोबाइलवर 'ब्रेक' चालतात. एक बॉक्स, 32 संघ; तुम्ही एका संघाचे पैसे भरायचे, समोरचा माणूस लाइव्ह पाकीट फोडणार. तुमच्या संघाचं कार्ड निघालंच नाही तर पैसे गेले. याला मी तरी छंद म्हणणार नाही. सोडत म्हणेन. पॉकेटमनी त्यात घालायच्या आधी हवं असलेलं कार्ड सुटं विकत मिळतंय का ते बघा. बहुतेकदा ते स्वस्त पडतं.

2016 पासून एनएफएलच्या कार्डांचा परवाना एकट्या पनिनीकडे होता. 2026 पासून तो पुन्हा टॉप्सकडे आला, आणि टॉप्स आता फनॅटिक्सच्या मालकीची आहे. त्यामुळे दहा वर्षांनी टॉप्सचे महागडे फुटबॉल सेट येणार म्हणून तिकडे सध्या तारखांवर तारखांची चर्चा चालू आहे. काहीजण तर बॉक्स घेऊन फोडतच नाहीत. सील शाबूत ठेवून कपाटात टाकतात, कारण आतला एखादा पोरगा उद्या ब्रेडी निघाला तर बंद बॉक्सचाच भाव चढतो.