आधी पैसे की आधी वस्तू? जुन्या वस्तूंच्या दूरविक्रीचा दीडशे वर्षांचा इतिहास

१८ ऑक्टोबर २००३. जपानमधील योकोहामा येथे राहणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याने आपला वापरलेला फुजी कॅमेरा विक्रीस काढला होता. चीनमधील शिआन शहरातल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याला तो ७५० युआनला हवा होता. दोघांची ओळख नव्हती आणि मध्ये समुद्र होता. पैसे आधी पाठवावेत, तर कॅमेरा येईलच याची खात्री नाही. कॅमेरा आधी पाठवावा, तर पैसे मिळतील याची हमी नाही.

हा पेच इंटरनेटमुळे निर्माण झाला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो फार जुना आहे, आणि तो सोडवण्याचे बहुतेक मार्गही इंटरनेटच्या आधीचेच आहेत. हा धागा त्या मार्गांचा. त्या दोन विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, हे ओघात येईलच.

प्रथम एक भेद लक्षात घ्यायला हवा. नवी वस्तू विकणारा दुकानदार उद्याही दुकान उघडणार असतो. त्याला नाव जपायचे असते. घरातली जुनी वस्तू विकणारा माणूस एकदाच विकतो आणि बाजूला होतो. शिवाय त्या वस्तूचे दोष फक्त त्यालाच ठाऊक असतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींचे उदाहरण घेऊन नेमके हेच दाखवले: खरेदीदाराला चांगली गाडी आणि वाईट गाडी यांतला फरक ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच कमी किंमत देऊ करतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारातच येत नाही. २००१ च्या नोबेल पुरस्काराला हा निबंध कारण ठरला. अकरलॉफ यांचा खरेदीदार निदान गाडीभोवती एक फेरी मारू शकत होता. टपालाने जुनी वस्तू मागवणाऱ्याला तेवढीही सोय नसते.

व्यापाऱ्यांनी आपला प्रश्न फार पूर्वी सोडवला होता. पश्चिम भारताच्या किनाऱ्यावरील समुद्री व्यापारात ‘जोखमी हुंडी’ नावाचा एक विलक्षण प्रकार रूढ होता. माल जहाजावर चढवणारा व्यापारी, माल घेणाऱ्याच्या नावे हुंडी लिही आणि ती सराफाला विकून टाकी. सराफ जोखमीपोटी काही रक्कम कापून बाकीचे पैसे लगेच देई. जहाज सुखरूप बंदराला लागले, तर सराफाला हुंडीचे पैसे मिळत. जहाज बुडाले, तर हुंडीही बुडाली आणि नुकसान सराफाचे. रकमेची देवघेव आणि विमा, दोन्ही एकाच कागदावर! परंतु या कागदामागे पेढ्यांचे जाळे, जातबांधवांची ओळख आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पत उभी होती. एखादी जुनी छत्री किंवा घड्याळ विकू पाहणाऱ्या कारकुनाच्या मागे यांतले काहीच नव्हते.

त्या कारकुनाची सोय झाली ती लंडनमध्ये, १८६८ साली. त्या वर्षी तिथे ‘एक्स्चेंज अँड मार्ट’ नावाचे नियतकालिक निघाले. वाचकांनी आपल्याकडच्या नकोशा वस्तूंची जाहिरात द्यावी, अदलाबदल करावी किंवा विकाव्यात, एवढाच त्याचा उद्योग. ब्रिटनमध्ये १८४० पासून पत्रे एका पेनीत कुठेही जात होती, त्यामुळे अनोळखी माणसाशी घासाघीस करणे स्वस्त झाले होते. वस्तू पाठवणे मात्र तितके सोपे नव्हते. ब्रिटिश टपालखात्याची पार्सलसेवा सुरू व्हायला १ ऑगस्ट १८८३ उजाडावा लागला. तोवर गाठोडी रेल्वेने किंवा खासगी वाहतूकदाराकरवी जात.

या नियतकालिकाने प्रसिद्ध केली ती अनामत पद्धत. खरेदीदाराने रक्कम विक्रेत्याला न पाठवता नियतकालिकाच्या कचेरीत जमा करायची. कचेरी विक्रेत्याला कळवणार, की पैसे आले आहेत, वस्तू पाठवा. वस्तू पोहोचली आणि पसंत पडली, की खरेदीदाराचे पत्र येणार आणि मगच रक्कम विक्रेत्याच्या हाती जाणार. नापसंत असेल, तर वस्तू एकीकडे परत, पैसे दुसरीकडे परत. या कामाबद्दल कचेरी थोडे शुल्क घेई. आजच्या कोणत्याही मोठ्या विक्रीमंचाची ‘खरेदीदार-संरक्षण’ योजना वाचून पाहावी. टप्पे जवळजवळ हेच आहेत. फरक इतकाच, की तिथे शाई, लिफाफे आणि खतावणी घेऊन बसलेला एक माणूस होता. या इतिहासात संस्थापकांची चरित्रे लिहिली जातात, त्या माणसाचे नाव कोणी टिपून ठेवत नाही. हे नियतकालिक छापील स्वरूपात २००९ पर्यंत तग धरून होते.

भारतात हीच भूमिका सरकारने उचलली. १८७७ साली भारतीय टपालखात्याने ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ सुरू केले. मराठी घरांत ते कायम ‘व्ही. पी.’ म्हणूनच ओळखले गेले. पोस्टमन पार्सल घेऊन दारात येणार, त्यावर लिहिलेली रक्कम घेणार, पार्सल देणार, आणि टपालखाते ती रक्कम विक्रेत्याला पोहोचवणार. १८८० पासून मनीऑर्डर सुरू झाली आणि ही साखळी पक्की झाली. मोठा माल असेल तर तो रेल्वेने जाई आणि व्ही. पी.ने फक्त रेल्वेची पावती, म्हणजे बिल्टी, पाठवली जाई. पैसे भरून बिल्टी सोडवायची आणि ती दाखवून स्थानकावरून माल उचलायचा. पुस्तके, औषधे, घड्याळे, बी-बियाणे अशा किती तरी गोष्टी या वाटेने तालुक्याच्या आणि खेड्यांच्या गावी पोहोचल्या. ‘व्ही. पी.ने पाठवू’ हे शब्द मराठी नियतकालिकांच्या जाहिरातींत पिढ्यान्‌पिढ्या दिसत राहिले.

व्ही. पी. आणि लंडनची अनामत पद्धत या दोन्ही वरवर सारख्या वाटतात. दोन्हीत मध्ये तिसरा आहे. पण नीट पाहिले तर त्यांच्यातला फरक मोठा आहे, आणि या सबंध विषयाचे मर्म त्यातच आहे. अनामत पद्धतीत खरेदीदार आधी वस्तू पाहतो, मग पैसे सुटतात. व्ही. पी.त खरेदीदार आधी पैसे मोजतो, मग पार्सल उघडतो. आत घड्याळाऐवजी वीट निघाली, तर पोस्टमनचा त्याच्याशी संबंध नाही. याउलट, खरेदीदाराने दारातूनच नकार दिला, तर वीट नसलेल्या प्रामाणिक विक्रेत्याला जाण्यायेण्याच्या वाहतुकीचा भुर्दंड बसतो. मध्यस्थ आला म्हणजे जोखीम नाहीशी होत नाही. ती कोणाच्या खांद्यावर ठेवायची, हे तेवढे ठरते.

सरकारलाही हे उमगले होते. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्यात त्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. खऱ्याखुऱ्या मागणीवरूनच वस्तू पाठवत आहोत, असे पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची तरतूद त्यात होती. कारण उघड आहे: कोणी काही मागवलेले नसताना पत्त्यावर पार्सले धाडायची आणि घरातल्या कोणीतरी कुतूहलाने किंवा संकोचाने पैसे भरतील याची वाट पाहायची, हा धंदा व्ही. पी.मुळे शक्य झाला होता. फसवणुकीच्या प्रकरणांत वसूल झालेली रक्कम रोखून ती पैसे भरणाऱ्याला परत करण्याचे नियमही सरकारला करता येत होते. आणि एक चतुर कलम असे, की पत्त्यावरच्या माणसाकडून पैसे प्रत्यक्ष मिळेपर्यंत त्या रकमेबद्दल सरकार विक्रेत्याचे काहीही देणे लागत नाही. मध्यस्थाने सर्वांत आधी स्वतःला वाचवले, हेही नोंदवून ठेवण्यासारखे आहे. (हा कायदा रद्द होऊन त्याच्या जागी २०२३ चा कायदा आला, तो २०२४ मध्ये लागू झाला.)

यानंतर थेट १९९५. कॅलिफोर्नियात पियरे ओमिद्यार यांनी ‘ऑक्शनवेब’ नावाचे लिलावाचे संकेतस्थळ सुरू केले, तेच पुढे ‘ईबे’ झाले. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून जिचा उल्लेख होतो ती म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, किंमत १४.८३ डॉलर. खरेदीदाराला तो मोडका असल्याचे ठाऊक होते. तो असलेच नमुने जमवत होता. ही कथा गमतीची म्हणून सांगितली जाते. तिच्यातला महत्त्वाचा भाग असा, की दोष आधीच उघड केला होता, म्हणून व्यवहार निर्वेध पार पडला.

पण पैसे कसे जात होते? टपालाने! खरेदीदार धनादेश किंवा मनीऑर्डर लिफाफ्यात घालून पाठवी. विक्रेता धनादेश वटेपर्यंत थांबे आणि मग वस्तू बांधायला घेई. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचा हा बाजार पैशांच्या बाबतीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातच वावरत होता, आणि त्यात लंडनच्या त्या कचेरीसारखा मध्यस्थही सहसा नसे. ओमिद्यार यांनी १९९६ मध्ये परस्परांना शेरा देण्याची सोय केली. नाव कमावण्याचा तो मार्ग उपयोगी ठरला, परंतु सूडाच्या शेऱ्यांची भीतीही सुरू झाली. अखेर २००८ मध्ये विक्रेत्यांचा खरेदीदाराला वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेण्यात आला.

पैशांची कोंडी ‘पेपाल’ने फोडली. ईबेने स्वतःची ‘बिलपॉइंट’ ही सेवा विकत घेतलेली असतानाही विक्रेते पेपालकडेच वळले आणि २००२ मध्ये ईबेला सुमारे दीडशे कोटी डॉलर मोजून पेपाल घ्यावे लागले. पण जोखमीचा लंबक इथेही हललाच. क्रेडिट कार्डाने पैसे देणारा ग्राहक नंतर तक्रार करून रक्कम मागे खेचू शकत होता. तेव्हा विक्रेत्याची वस्तूही जाई आणि पैसेही. त्यामुळे पाठवणीची पावती, मागोवा क्रमांक आणि खात्री झालेला पत्ता या तीन कागदी गोष्टींना अचानक कमालीचे महत्त्व आले. वस्तू पाठवल्याचा पुरावा नसेल, तर संरक्षणही नाही.

आता त्या कॅमेऱ्याकडे. ‘ताओबाओ’ हे संकेतस्थळ १० मे २००३ रोजी, चीनमध्ये सार्सची साथ ऐन भरात असताना सुरू झाले होते. लोक वस्तू पाहत, चौकशी करत, पण व्यवहार अडून राहत. क्रेडिट कार्ड फारसे कोणाकडे नव्हते आणि अनोळखी माणसावर विश्वास त्याहून कमी. म्हणून ताओबाओने खरेदीदाराचे पैसे स्वतःच्या खात्यात ठेवायचे आणि वस्तू मिळाल्याचे कळल्यावर ते सोडायचे ठरवले. शिआनच्या विद्यार्थ्याने पैसे भरले आणि लगेच त्याचा धीर सुटला. त्याने ते परत मागितले. कर्मचाऱ्यांनी त्याची बरीच मनधरणी केली, असे सांगितले जाते. अखेर तो राजी झाला, कॅमेरा समुद्र ओलांडून आला आणि पैसे सुटले. ‘अलिपे’चा हा पहिला व्यवहार. आज अब्जावधी व्यवहार हाताळणाऱ्या या यंत्रणेत आरंभी बँकेतल्या भरणा-पावत्या आणि मागण्या यांचा मेळ माणसेच बसून घालत होती. म्हणजे १८६८ ची ती खतावणी पुन्हा उघडली होती, फक्त हांगझौमध्ये. ईबेने २००६ च्या अखेरीस चीनमधील आपला स्वतंत्र कारभार आवरता घेतला.

भारतात २००० साली मुंबईत ‘बाझी डॉट कॉम’ सुरू झाले. २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतले. ‘पैसापे’ या त्यांच्या व्यवस्थेत रक्कम आधी कंपनीकडे आणि नंतर विक्रेत्याकडे जाई. पण भारतीय ग्राहकाचे मन जिंकले ते वेगळ्याच वाटेने. २०१० मध्ये फ्लिपकार्टने घरपोच वस्तू मिळाल्यावर रोख पैसे देण्याची सोय आणली, तेव्हा तिचे स्वागत नवी कल्पना म्हणून झाले. व्ही. पी. पाहिलेल्या आजोबांना त्यात नवे काय ते कळले नसते. विटा निघण्याच्या तक्रारीही मागोमाग आल्याच.

खरोखर वापरलेल्या वस्तूंचा बाजार मात्र वर्गीकृत जाहिरातींच्या संकेतस्थळांकडे गेला. २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओएलएक्स’सारख्या मंचांनी पेच सोडवला नाही, तो टाळला: एकाच शहरात भेटा, वस्तू पाहा, रोख द्या. अंतरच नाही, तर जोखीम कसली? ही युक्ती भेट होत होती तोवर चालली. २०१६ मध्ये यूपीआय आले, पैसे दुरून क्षणात जाऊ लागले, आणि मध्ये कोणीही नसताना अंतर परत आले.

मग ती ओळखीची बतावणी सुरू झाली. ‘सैन्यात आहे, सीमेवर नेमणूक आहे, स्वतः येऊ शकत नाही.’ गणवेशातले छायाचित्र, ओळखपत्राची प्रत. हा माणूस विक्रेता म्हणून आला, तर बदली झाल्याने स्वस्तात दुचाकी विकतो आणि वाहतुकीचा आगाऊ खर्च मागतो. खरेदीदार म्हणून आला, तर किमतीवर घासाघीसच करत नाही. ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे म्हणतो. जुना सोफा विकायला बसलेली बाई पिन टाकते आणि तिच्याच खात्यातून रक्कम जाते. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देण्यासाठी; घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी न मागवलेल्या व्ही. पी.वर रक्कम भरणाऱ्या गृहस्थांचीही चूक याच जातीची होती: समोर आलेला कागद देण्याचा आहे की घेण्याचा, हे घाईत कळले नाही.

१८९८ च्या कायद्याने पाठवणाऱ्याकडून खऱ्या मागणीची कबुली मागितली होती. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने त्याहून कडक पाऊल उचलले: एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोयच १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. व्यापाऱ्यांसाठी ती त्या वेळी चालू राहिली, आणि क्यूआर कोडही.