खेजडीची शेंग

खेजडी म्हणजे आपली शमी. काही भागांत तिला सौंदड म्हणतात. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो, पण तिच्या शेंगांची भाजी होते हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. मारवाडात मात्र लग्नाच्या पंगतीला केर-सांगरी हवीच. सांगरी म्हणजे खेजडीची कोवळी शेंग. उकडून उन्हात वाळवली की ती वर्षभर टिकते. झाडावरच पिकली तर तिचा खोखा होतो. तो गुळचट लागतो आणि पोरे येता-जाता खातात. पाला शेळ्या-उंटांना, फांद्या कुंपणाला. शिवाय या झाडाखाली बाजरी खुरटत नाही, उलट जोमाने येते.

एवढे ध्यानात घेतले की १७३० सालची खेजडली गावची हकीकत जरा वेगळी दिसू लागते. जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या नव्या महालासाठी चुन्याच्या भट्ट्या पेटवायच्या होत्या. सरपणासाठी दरबारची माणसे गावात शिरली. अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि कुऱ्हाडीला बळी पडली. तिच्या तीन मुलीही गेल्या. परंपरेप्रमाणे त्या वेळी ३६३ माणसांनी प्राण दिले, तेव्हा कुठे महाराजांनी तोड थांबवली.

ही कथा आपण श्रद्धेची म्हणून सांगतो. श्रद्धा होतीच. जांभोजींनी १४८५ मध्ये पंथ स्थापताना दिलेल्या २९ नियमांत हिरवे झाड तोडू नये हा नियम आहे. पण पंथ उभा राहिला तो एका भीषण दुष्काळानंतर, असे सांगतात. आणि माझ्या मते त्या नियमाच्या मुळाशी पोटाची आठवण आहे. पुढे १८६८-६९ च्या राजपुतान्यातील दुष्काळात लोकांनी खेजडीची साल दळून भाकऱ्या केल्या, त्यावर पुष्कळांचे जीव तगले. ज्या झाडाची सालसुद्धा माणूस जगवते, ते सरपणाला कोण देईल?

बिश्नोईंपुरतेच हे नव्हते. गावोगाव देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ होती. आपल्याकडच्या देवराईचेच हे वाळवंटी भावंड. तिथे कुऱ्हाड चालत नसे, पण गुरे चरत, बायका केर आणि सांगरी वेचत. राखणे आणि वापरणे ही दोन कामे गावाला वेगळी वाटत नव्हती. सरकारी दप्तराला मात्र ती वेगळी वाटली. स्वातंत्र्यानंतरच्या महसुली नोंदींत कित्येक ओरण नुसती पडीक जमीन ठरली.

वाळवंट हिरवे करण्याचा दरबारी उपायही पाहा. जोधपूर संस्थानात १९१३ मध्ये विलायती बाभूळ आणली गेली आणि १९४० मध्ये तिला ‘शाही’ झाडाचा मान मिळाला. ही आपली वेडी बाभूळ. ती झपाट्याने पसरली, देशी झाडांची जागा तिने बळकावली. खेजडीला राज्यवृक्षाचा मान मिळायला १९८३ साल उजाडले. तोवर शेतात ट्रॅक्टर आले होते. बैलाचा नांगर रोपट्याला वळसा घालून जाई, ट्रॅक्टर ते उपटूनच काढतो. त्यामुळे म्हातारी झाडे वठतात आणि त्यांच्या जागी तरणी येत नाहीत.

आता त्यात सौर प्रकल्पांची भर पडली आहे. त्यासाठी होणाऱ्या खेजडीच्या तोडीविरुद्ध बिकानेर भागात बिश्नोई आणि शेतकरी धरणी धरत आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातील ओरणांची मोजणी करून त्यांना वन म्हणून संरक्षण द्यावे, असा आदेश दिला. राखणीत गावाला सामील करून घ्या, असेही सुचवले. तरी गुराख्यांच्या मनात धास्ती आहे. वनखात्याची पाटी लागली की शेळ्या आत सोडता येतील का? सांगरी कुणाला विचारून काढायची? ओरणाची नोंद जरूर करा, पण राखण आणि वहिवाट गावाकडेच ठेवा, असे त्यांचे म्हणणे आहे.