दिनविशेष १७ सप्टेंबर : निजामाची शरणागती अन् विष्णुपुरीचं विद्यापीठ, एकाच तारखेला का?

विष्णुपुरी (नांदेड) : कॅलेंडरवर १७ सप्टेंबरला बऱ्याच घटना आहेत. कुठं राज्यघटनेवर सह्या झाल्या, कुठं युद्ध पेटलं, कुठं मोठी माणसं जन्माला आली. त्यातल्या बहुतेक घटना या तारखेला केवळ योगायोगानं आल्या. पण नांदेड-लातूर भागासाठी दोन घटना महत्त्वाच्या आहेत. १९४८ साली याच दिवशी हैदराबादच्या निजामानं शरणागती पत्करली आणि १९९४ साली याच दिवशी विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. यातली दुसरी तारीख योगायोगानं आलेली नाही. पहिलीची आठवण राहावी म्हणून ती ठरवून घेतलेली आहे.

शाळेत झेंडावंदनाला जाणाऱ्या पोरांना आणि घरी बसून मोबाईलवर वाचणाऱ्या मोठ्या माणसांनाही उपयोगी पडावी अशी ही माहिती.

देश स्वतंत्र झाला, मराठवाडा नाही

१५ ऑगस्ट १९४७ ला देशात तिरंगा फडकला, तेव्हा नांदेड हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानात एकूण १६ जिल्हे होते. त्यात तेलंगणाचे ८, मराठवाड्याचे ५ आणि कानडी भागाचे ३. मराठवाड्याचे पाच जिल्हे म्हणजे औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, ते १९८२ साली वेगळं झालं. जालना १९८१ ला आणि हिंगोली १९९९ ला जिल्हा झाला.

निजाम मीर उस्मान अली खान यांना भारतात यायचं नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, पण तो कागदावरच राहिला. कासिम रझवी हा रझाकारांचा म्होरक्या. तो लातूरला वकिली करायचा. त्याच्या रझाकारांनी गावोगाव लूट, जाळपोळ आणि खून सुरू केले.

ज्यांना जमलं त्यांनी पैनगंगा ओलांडली. नदीच्या अलीकडं निजाम आणि पलीकडं वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. हदगाव, किनवट, माहूर भागातल्या लोकांसाठी स्वातंत्र्य एका नदीच्या अंतरावर होतं. पलीकडं उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. पुढं दोनदा मुख्यमंत्री झालेले शंकरराव चव्हाण तिथं काम करत होते.

लढा अचानक उभा राहिला नाही

निजामाच्या राज्यात १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' या हुकमामुळं सभा घ्यायलाही परवानगी लागायची. वरचं शिक्षण उर्दूत. मराठी शाळा चालवणं म्हणजे सरकारच्या डोळ्यावर येणं. म्हणून इथला लढा आधी शाळांतून आणि वाचनालयांतून वाढला. १९३७ ला परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. १९३८ ला हैदराबाद स्टेट काँग्रेस निघाली अन् लगेच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी 'वंदे मातरम' म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना वसतिगृहातून आणि कॉलेजातून काढून टाकण्यात आलं. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं जवळ केलं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच पिढीचे.

लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ मुळात शिक्षक. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, सिंदगी (आता कर्नाटकात). पाळण्यातलं नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी शिकवलं. १९३० साली संन्यास घेतला. अंगावर भगवी कफनी होती, पण त्यांचं राजकारण सगळ्या धर्मांच्या प्रजेचं होतं. गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, बाबासाहेब परांजपे, अनंत भालेराव असे अनेक जण त्यांच्यासोबत होते.

नांदेड जिल्ह्यानं या लढ्यात रक्त सांडलं. १९४६ साली बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. ते या लढ्याचे पहिले हुतात्मे मानले जातात. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीत अप्पासाहेब नाईक आणि त्यांचे साथीदार लढता लढता कामी आले. तिकडं हैदराबादेत 'इमरोज' या उर्दू पेपरचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हा असं लिहिलं, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा जीव घेतला. हा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा नव्हता, प्रजा विरुद्ध राजवट असा होता. शोएबुल्ला खानांचं नाव त्याचा पुरावा आहे.

ते पाच दिवस

१३ सप्टेंबर १९४८ : पहाटे भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन पोलो'. मुख्य फौज मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आला.

१४ आणि १५ सप्टेंबर : दुसऱ्या बाजूनं औरंगाबाद आणि जालना पडलं. जालन्याहून निघालेली तुकडी लातूरला आणि पुढं मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला पोचली. तिथं निजामाच्या घोडदळानं थोडा प्रतिकार केला अन् हत्यारं खाली ठेवली.

१६ सप्टेंबर : हैदराबादची तक्रार पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढं आली. पण फौजा तोवर बऱ्याच आत आल्या होत्या.

१७ सप्टेंबर : पंतप्रधान मीर लायक अली यांनी राजीनामा दिला. निजामानं युद्ध थांबवल्याचं सांगितलं आणि स्वतः रेडिओवर बोलले. काही दिवसांत राष्ट्रसंघातली तक्रारही मागं घेतली.

१८ सप्टेंबर : हैदराबादच्या फौजेचे प्रमुख मेजर जनरल एल इद्रूस यांनी चौधरींपुढं रीतसर शरणागती दिली.

योगायोग बघा. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता आणि १७ सप्टेंबर १९४८ लाही शुक्रवारच. मधे गेले तेरा महिने आणि दोन दिवस.

विजयानंतरची काळी बाजू

हे पान भाषणात कुणी उघडत नाही, पण तेही इतिहासातच आहे. शरणागतीनंतरच्या दिवसांत अनेक ठिकाणी सामान्य मुसलमानांवर सूड उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता, अशी माणसंही मारली गेली. चौकशीसाठी केंद्र सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्यासोबत नांदेडचं नाव घेतलं. एकूण मृतांचा समितीचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. हा अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढं आलाच नाही. याच काळात अनेक गावांत हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, हेही त्याच समितीनं नोंदवलं आहे.

पुढं मराठवाडा महाराष्ट्रात कसा आला

१९४९ साली जहागिरी रद्द झाल्या. १९५० च्या कूळ कायद्यानं जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाले. २६ जानेवारी १९५० पासून संस्थानात भारताची राज्यघटना लागू झाली. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

निजामकाळ संपला तरी त्याचे कागद संपले नाहीत. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली, तेव्हा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली जुनी उर्दू आणि मोडी दफ्तरं पुन्हा बाहेर निघाली. पणजोबांच्या काळातली एक ओळ आज पणतूच्या दाखल्याला लागते.

१९९४ : विद्यापीठ दारात आलं

मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं २३ ऑगस्ट १९५८ ला, औरंगाबादेत. त्याच्या आधी नांदेडमध्ये १९५० ला पीपल्स कॉलेज उभं राहिलं होतं. ते स्वामीजींच्याच नांदेड एज्युकेशन सोसायटीचं. नरहर कुरुंदकर तिथं प्राचार्य होते.

पण किनवट, देगलूर, उदगीरच्या पोराला विद्यापीठाचं काम पडलं की औरंगाबाद गाठावं लागे. नांदेडहूनच ते अडीचशे किलोमीटरच्या वर. एका मार्कमेमोसाठी किंवा एका दुरुस्तीसाठी एक-दोन दिवस मोडायचे, तिकिटाचे पैसे वेगळे. मजुराच्या पोरीला ते परवडायचं कसं?

मधे नामांतराचा लढा झाला. विधिमंडळानं १९७८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, त्याला उत्तर म्हणून दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे आणि पुढं गौतम वाघमारे यांचे प्राण गेले. सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडचं वेगळं विद्यापीठ स्थापन झालं. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे.

नाव दिलं शिक्षक असलेल्या संन्याशाचं आणि दिवस निवडला मुक्तीचा. आज नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतली कॉलेजं या विद्यापीठाखाली येतात. लातूरला उपपरिसरही आहे. गोदावरीकाठचं विष्णुपुरी एरवी उपसा सिंचन प्रकल्पामुळं शेतकऱ्यांना माहीत. त्याच विष्णुपुरीत आता विद्यापीठ, श्री गुरू गोबिंद सिंहजी अभियांत्रिकी कॉलेज आणि सरकारी मेडिकल कॉलेज आहे. ज्या राज्यात मराठी शाळा काढायला धाडस लागायचं, तिथं सेहेचाळीस वर्षांनी विद्यापीठ उभं राहिलं. १९४८ ला सुरू झालेलं काम १९९४ ला एक पाऊल पुढं गेलं, असं या तारखेचं नातं आहे.

१७ सप्टेंबरच्या इतर घटना

- १७८७ : अमेरिकेच्या राज्यघटनेवर फिलाडेल्फियात सह्या झाल्या.
- १९३९ : दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियानं पूर्वेकडून पोलंडवर हल्ला केला.
- १९४८ : निजाम शरण आले त्याच दिवशी, राष्ट्रसंघाचे मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली.
- १९७८ : इजिप्त आणि इस्रायल यांच्यात कॅम्प डेव्हिड करार.
- १९८८ : सोल ऑलिम्पिकचं उद्घाटन.
- २०२० : शेतीविषयक वादग्रस्त विधेयकांपैकी दोन लोकसभेत मंजूर. मोठ्या आंदोलनानंतर २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तिन्ही कायदे मागं घेतले गेले.
- २०२२ : नामिबियाहून आणलेले ८ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये सोडले.

जन्म

- १८७९ : पेरियार ई. व्ही. रामसामी, तमिळनाडूतले समाजसुधारक.
- १८८५ : प्रबोधनकार ठाकरे, पनवेल. लेखक आणि समाजसुधारक.
- १९१५ : एम. एफ. हुसेन, पंढरपूर. चित्रकार.
- १९२९ : अनंत पै, 'अमर चित्र कथा' सुरू करणारे.
- १९५०: नरेंद्र मोदी, वडनगर. पंतप्रधान.
- १९८६ : रविचंद्रन अश्विन, क्रिकेटपटू.

निधन

- १९९९ : हसरत जयपुरी, हिंदी सिनेमाचे गीतकार.

भाषणात या चुका टाळा

१. मुक्तिदिनाचं साल १९४८ आहे, १९४७ नाही.

२. 'पोलीस ॲक्शन' हे नाव पडलं, तरी कारवाई लष्करानंच केली होती.

३. निजामाची घोषणा १७ ला, फौजेची रीतसर शरणागती १८ ला.

४. हा दिवस एकट्या मराठवाड्याचा नाही. तेलंगणा आणि कर्नाटकातल्या बिदर, कलबुर्गी, रायचूर भागातही तो वेगवेगळ्या नावांनी पाळला जातो.

५. स्वामीजींचं निधन २२ जानेवारी १९७२ ला झालं. म्हणजे त्यांच्या नावाचं विद्यापीठ त्यांनी पाहिलं नाही.

सप्टेंबरच्या मध्यात सोयाबीनच्या शेंगा भरत असतात, मूग-उडीद घरात आलेला असतो, शेतकऱ्याला सवड कमी असते. तरी सकाळी झेंडावंदनाला पोरांसोबत जावं. गावात हुतात्मा स्तंभ असेल, तर त्यावरची नावं एकदा मोठ्यानं वाचून दाखवावी. १९४८ डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. ज्यांच्या घरात किंवा शेजारी असं कुणी असेल, त्यांनी त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवावं. गावात तेव्हा काय घडलं, कोण कुठं पळालं, कुणी कुणाला लपवलं, हे पुस्तकात सापडत नाही. ते याच माणसांकडं आहे.